मुलाखतीत न विचारलेला प्रश्न

“आवं, आदी बघू द्या,” असे म्हणून आमचे एक प्रोग्रामर एखाद्या पालथ्या क्रेटवर बसत. लॅपटॉप पिशवीतच राही. तुमच्याही कार्यालयात असा कोणी असेल; कामाला उशिरा हात घालणारा, आणि म्हणून मंद समजला जाणारा.

मलकापुरात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची लहानशी शाखा आहे. आटपाडीच्या डाळिंब बाजारासाठी आम्ही टोकन देणारा प्रोग्राम केला होता. त्यात मधलेच क्रमांक गळू लागले आणि रांगेत भांडणे जुंपली. आम्ही पदवीधर दोन दिवस कोड वाचत राहिलो. ते एक सकाळ बाजारातल्या टोकनाच्या खिडकीशी नुसते बसले. धुळीपासून जपायला कारकुनाने कीबोर्डवर प्लास्टिक ताणले होते. त्याच्या सुरकुतीत अडकून कळ दोनदा दाबली जात होती आणि एका टोकनाला दोन क्रमांक सरकत होते.

“प्लास्टिक काढायला सांगू,” मी म्हणालो.

“आन् धूळ कुठं जाईल, सर? ती लय जुनं गिऱ्हाईक हाय हितलं.”

त्यांनी लागोपाठचा दुसरा दाब न मोजणाऱ्या चार ओळी लिहिल्या. भांडणे थांबली.

सात वर्षे ते कंत्राटावर होते. मग नियम आला: मुलाखत देऊन कायम व्हा, नाहीतर कंत्राट संपले. प्रश्न पुण्याच्या मुख्य कार्यालयातून छापून आले. तिघा परीक्षकांत मी एक होतो.

खोलीचे दार लावले. फळ्यावर आकड्यांचे कोडे होते, वेळ चाळीस मिनिटे.

“ह्ये कुठं बिघडलंय?” त्यांनी विचारले.

“बिघडलेलं नाही. फक्त सोडवायचंय,” परीक्षकांचे प्रमुख म्हणाले.

“मग वापरनार कोन?”

दुसरे परीक्षक हसले. फळ्यापाशी उमेदवाराने दोन ओळी लिहिल्या, तळहाताने पुसल्या, पुन्हा लिहिल्या. शर्ट पाठीला चिकटला होता. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले.

‘यांच्यापुढे एखादा बिघडलेला प्रोग्राम ठेवू या,’ एवढेच मला म्हणायचे होते. वाक्य मनात पूर्ण जुळलेले होते.

“आणखी कोणाला काही विचारायचंय?” प्रमुखांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांचे कंत्राट संपले. आटपाडीहून अजून फोन येतो, “त्ये बसनारं सायेब न्हाईत व्हय?”

ते आता त्यांच्या अब्बांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करण्याच्या दुकानात असतात. परवा मी तिथे गेलो. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतींचे तेच छापील प्रश्न माझ्या पिशवीत होते. त्यांनी पंप बाजूला सारला, माझ्यासाठी क्रेट पालथा घातला.

“बसा, सर. काय बिघडलंय?”

“काही नाही.”

ते समोर बसले आणि, कसलीही घाई न करता, माझ्याकडे बघत राहिले.