ताटलीतली लेकरं

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दाई’ म्हणत. काम पेशी वाढवायचं: काचेच्या ताटल्यांतलं गुलाबी पाणी बदलायचं, ऊब सांभाळायची. दुसऱ्यांकडे मान टाकलेल्या पेशी हिच्या हाताखाली बाळसं धरत. शाळेत ती माझ्या वर्गात होती, तेव्हाही खिडकीतली रोपं हिच्याच कुंडीत तगायची.

तिच्या मोठ्या जाऊबाईंच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत ती सगळी काढता येणार नव्हती. जो तुकडा निघेल तो संशोधनाला द्या म्हणून हिनेच त्यांना राजी केलं. जाऊबाईंनी होकार दिला आणि वर बजावलं, की माझ्या पेशींना माझ्यापेक्षा जास्त खाऊ घालू नकोस.

नळीवर नाव नसतं, आकडा असतो. पण त्या आठवड्यात आलेला तुकडा एकच होता. जाऊबाईंची जखम भरेपर्यंत पेशी फोफावल्या. त्यांना जे औषध सुरू होणार होतं, तेच ताटल्यांत घातलं. काही घडेना. दाईला वाटलं, आपण घालायलाच विसरलो. पुन्हा घातलं. पेशी ढिम्म. तिथल्या मॅडमनी तपासून सांगितलं, की यांच्यात एबीसीबी-वन नावाचं जनुक जोरात चालतंय. त्याच्यामुळे पेशीच्या आवरणात पंप तयार होतात आणि आत आलेलं औषध बाहेर फेकतात. मात्र ताटलीत घडलं ते माणसात घडेलच असं नाही, असंही त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याच्या आडोशाला दाई लपली.

औषध सुरू झालं. जाऊबाई बादलीवर ओणव्या होत, ती पाठ चोळत बसे. उशीवर पडलेले केसांचे पुंजके त्यांना दिसण्याआधी उचलून टाकी. मग कामावर जाऊन त्याच पेशींना खाऊ घाली. सकाळी चहा हातात घेताना जाऊबाई विचारायच्या, लेकरं कशी आहेत? ती म्हणे, छान. आणि ते खरंच होतं.

पुढच्या डोसाच्या आदल्या संध्याकाळी जाऊबाई दवाखान्याची पिशवी भरत होत्या. टॉवेलची घडी काही केल्या जमेना. दाईने टॉवेल हातातून घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे माझ्याच आहेत गं त्या,” जाऊबाई म्हणाल्या. “मलाही ते पोटात ठरत नाही.” हसल्या. मग म्हणाल्या, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“तुमचे केस गळायच्या आधीपासून, ताई.”

जाऊबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

सकाळी डॉक्टरांना मात्र त्या म्हणाल्या, मलाच शंका येतेय, आधी तपासा. दाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. गाठ खरोखरच वाढली होती. औषध बदललं, ते लागू पडतंय का, हे अजून कळायचं आहे.

त्या ताटल्या दुसऱ्या कोणाला द्या, असं दाईने मॅडमना विनवलं. दुसऱ्या कोणाकडे त्या जगणार नाहीत, असं उत्तर मिळालं.

जाऊबाई आता लेकरांची चौकशी करत नाहीत. चहा दिल्यावर दाई उगीच थोडा वेळ तिथे उभी राहते.