व्याह्यांचं धनुष्य काही जुळंना

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि तोवर मी माणसं काही थोडी बघितली नव्हती; पण माझ्या व्याह्यांसारखा चिवट, गोड बोलून घर ताब्यात घेणारा आणि स्क्रूवर जीव लावणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा नाही, हे मी कुणापुढंही छातीवर हात ठेवून सांगीन. मी चौथीतनं शाळा सोडलेला. वडूजच्या पलीकडं मेंढरांमागं वाढलो, आता साताऱ्याच्या कडेला पोरानं बांधलेल्या घरात राहतो. पोरगा फौजेत, त्यामुळं घरात मी आणि सूनबाई. आणि त्या घरात नेम कुणाचा, तर माझा. शेंड्याचं कवठ गोफणीनं पाडावं तर मीच, शेजारच्या पानाला धक्का न लावता. आल्या-गेल्याला सूनबाई सांगायची, "आमच्या आबांचा नेम म्हणजे नेम!" ते ऐकायला मी दाराआड उगीचच चपला शोधत थांबायचो.

व्याही जन्मभर सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी. विहीणबाई गेल्या, रिकामं घर त्यांना खायला उठलं, म्हणून सूनबाईनं आपल्या वडलांना चार दिवस आमच्याकडं आणलं. आमच्या घरामागं मैदान आहे, तिथं धनुष्यबाण शिकवायचा वर्ग चालतो. हे संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले आणि महिन्याभरात धनुष्यच घेऊन बसले. आमच्याकडं माणूस या वयाला टाळ घेतो. मी म्हटलं, "पाव्हणं, हे काय नवीन?" तर म्हणाले, "एवढं जुळलं की मी निघालोच सांगलीला, आबासाहेब." मी मनात म्हटलं, जुळू दे बाबा लवकर. पण ते काही जुळंना.

मला वाटायचं, धनुष्य म्हणजे एक वाकडं लाकूड न् एक दोरी. ह्यांच्या धनुष्याला रुखवताएवढं सामान. पुढं हातापेक्षा लांब काळी दांडी, तोल राखायला. वर नेम धरायची काडी, तिला साइट म्हणायचं, ती वर-खाली, आत-बाहेर सरकणार. एक पत्र्याची पट्टी, बाण पुरता ओढला की टक् करणारी. बोटांना चामड्याचा तुकडा, त्याला टॅब. तो कुठला मऊ, कुठला निबर म्हणून ह्यांनी सगळे करून बघितले आणि शेवटी चांभाराकडनं करून आणला. आणि बाण सुटताना त्याला बाजूनं हलकं रेटणारं एक बटण, आत पेनात असते तशी स्प्रिंग. ती स्प्रिंग मऊ हवी का कडक, यात त्यांचा श्रावण गेला. उपास मात्र आम्हाला घडला, कारण दोरीला पीळ किती द्यायचा हे ते कानानं ठरवायचे. दोरी छेडायची आणि डोळे मिटून ऐकायचं. घुमली तर चूक, गप् वाजली तर बरोबर. त्यासाठी घर चिडीचूप पाहिजे. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की सूनबाई धावत जाऊन गॅस बंद करायची. मी म्हणायचो, "आगं, भात कच्चा ऱ्हाईल." तर ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "आबा, दादा ऐकतायत!" वडलांना ती दादा म्हणते. माझं ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

एकदा मी रागारागानं माझी टोपी त्यांच्या त्या लांब दांडीला अडकवली. खुंटी म्हणून तरी कामाला यावी, असा माझा टोला होता. व्याह्यांनी तसंच धनुष्य उचललं, हात लांब केला, आणि चेहरा असा झाला की देव दिसावा. "आबासाहेब, ह्या टोपीनं तोल बदलला हो!" मी म्हटलं, "काढतो की मग." "छे छे, सुधारला!" म्हणाले, आणि टोपी घेऊन वाण्याकडं गेले, तराजूत तोलून आले. तेवढ्याच वजनाची लोखंडी चकती त्यांनी पुण्याहून मागवली. सूनबाईनं सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, दादांनी शोध लावला. टोपी कुणाची होती, ते सांगायचं राहिलं.

मग मी गोफण काढली. मैदानावर गेलो, शिकवणाऱ्या मास्तरांना म्हटलं, "आमी बिनासाइटचं मारतो, बघा." सूनबाई बघत होती, व्याही बघत होते. गोफण फिरवली. दगड लक्ष्याच्या तिवईच्या पायाला लागला आणि पाय मोडला. मी त्या पायालाच नेम धरला होता, हे मी तिथं सांगितलं आणि आजही सांगतो. व्याही एकटेच म्हणाले, "वा! पाय केवढा बारीक होता!" त्यांच्या ह्या चांगुलपणाचाच मला जास्त राग. बरं, वाकडं बोलावं तर व्याही. मान ठेवायचा, पहिला चहा त्यांना, खिडकीजवळची खुर्ची त्यांना. ती खुर्ची माझी होती.

एवढं करून ह्या माणसानं एक डाव सलग खेळलेला कुणी बघितला नव्हता. दोन बाण मारायचे की खिशातनं स्क्रू पिळायची एक वाकडी किल्ली काढायची आणि कुठला तरी स्क्रू चिमूटभर फिरवायचा. मास्तर म्हणायचे, "आजोबा, आता मारा की!" हे म्हणायचे, "जरा थांबा, अजून जुळलं नाही." दसऱ्याला वर्गाची स्पर्धा असते, त्यात ह्यांनी साठीपुढच्यांच्या गटात नाव दिलेलं. मी वाट बघत होतो. एकदा हा माणूस सगळ्यांदेखत हरला, की घरातला नेम परत माझा.

खंडेनवमीला सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर धनुष्य पाटावर, आणि त्याच्यावर हळद. माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हटलं, शहरातला माणूस, पण हत्याराची पूजा विसरला नाही. मी आमची भंडाऱ्याची पिशवी काढली आणि "चांगभलं!" म्हणून मूठभर उधळला. साइट, बटण, दांडी, बाणांची पिसं, ती किल्ली, सगळं पिवळं केलं, वर झेंडू वाहिला. व्याही ओल्या टॉवेलावर आले आणि दारातच थिजले.

"आबासाहेब," ते बारीक आवाजात म्हणाले, "मी हळद पूजेला नव्हती लावली. बाण जाताना पीस कुठं घासतं, ते हळदीवर उमटतं. शेवटची तपासणी होती ती."

"मग पुसा."

त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "पूजलं ना आता. पेढीवर आम्ही तराजूसुद्धा आज हलवायचो नाही. उद्याच हात लावायचा." आणि तो माणूस दिवसभर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन माझ्याच खुर्चीत बसला. मला हसू येत होतं. पण त्यांचा अंगठा मधूनच आपला आपण स्क्रू फिरवत होता, ते बघून थांबलं.

दसऱ्याला निघायच्या गडबडीत धनुष्य-बाण तेवढे उचलले, किल्ली झेंडूखाली पूजेतच राहिली. मैदानावर ह्यांचा हात दर दोन बाणांनी खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. मग काय करणार, मारला पुढचा बाण. तो मधल्या पिवळ्यात. त्याच्यामागचाही पिवळ्यात. दर बाणाला दोरीवरनं भंडाऱ्याचा धूर उडायचा. सूनबाई किंचाळत होती. माझे हात कवा टाळ्या वाजवायला लागले, मला कळलं नाही. गटात पहिले आले, आणि माळ गळ्यात पडताच सगळ्यांसमोर म्हणाले, "हे माझ्या व्याह्यांमुळं. त्यांनी मला एक दिवस धनुष्याला हात लावू दिला नाही." सूनबाई माझ्याकडं वळली. "खरंच, आबा, तुमचाच नेम!"

हेच मला ऐकायचं होतं. ऐकलं. गोड लागलं. पण संध्याकाळी सोनं वाटताना आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून व्याही म्हणाले, "आबासाहेब, जुळलं. लय दिवस राहिलो तुमच्यात. उद्या दुपारच्या गाडीनं निघतो सांगलीला." तिथं कोण होतं त्यांची वाट बघायला? त्यांनी बॅग काढली. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, एकामागून एक, आणि त्या थांबवा म्हणून कुणी सांगेना. खिडकीजवळची खुर्ची मोकळी होती. मी काही तिच्यात बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही अंघोळीला गेल्यावर मी पूजेतली ती वाकडी किल्ली उचलली, साइट धरणारा स्क्रू जरा सैल केला, लांब दांडीला माझी टोपी अडकवली आणि मोरीच्या दाराशी जाऊन ओरडलो, "आवं पाव्हणं, लवकर या भाईर! ह्यात काय तरी हलतंय वो!"