तेल्याला पुरून उरलेलं झाड

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

"फवारलंय का?" एवढं विचारून मावशी झाडाचं पान तोडायच्या, दाताखाली धरायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. सोलापूरजवळच्या डाळिंब संशोधन बागेचा मी प्रमुख. मैंदर्गीच्या मावशी तिथे रोजंदारीवर खुरपणीला होत्या.

एका वर्षी बागेत तेल्या आला. जिवाणूंचा रोग. पानांवर तेलकट काळे डाग, फळं तडकलेली. डागाळलेलं प्रत्येक झाड उपटून जाळायचा मी हुकूम काढला. कोपऱ्यातल्या एका झाडापुढे मावशी आडव्या उभ्या राहिल्या.

"सायेब, ह्याला हात लावू नका. ह्याचा डाग जागच्या जागी वाळतोय. पान चावून बघा की, लई तुरट झालंय. आतनं औषध काढतंय झाड."

"तुमच्या जिभेवर प्रयोगशाळा उघडू का?"

"उघडा की! भाडं न्हाय घेत मी."

मजूर खो खो हसले, मला. दुसऱ्या दिवसापासून मी मावशींचं काम बंद केलं.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून झाड ठेवलं आणि पानं तपासायला दिली. डाग पडताच त्याच्या भोवतालच्या पेशी स्वतःहून मरत होत्या, शेजारच्या पेशी तुरट रसायनांनी भरत होत्या, आणि जिवाणू मधेच कोंडून संपत होते. इतर झाडंही हे करतात, पण उशिरा. हे झाड वेळेवर करत होतं. अहवालात मी लिहिलं, 'ही बाब प्रथम माझ्या निदर्शनास आली.'

त्या झाडाची कलमं गावोगाव गेली. नातेपुत्यात एका बागायतदाराला मी या नव्या वाणाला दिलेलं नाव ऐटीत सांगितलं, तर तो म्हणाला, "ते कागदावरचं वो. आमी मावशीचं कलम म्हणतो. तुमच्या बागेतल्या बायकांनीच सांगितलं की सगळं!"

मग मी मैंदर्गी गाठली. मावशींच्या दारातही तीच झाडं, फळांनी वाकलेली.

"या सायेब! एक डाग दावा, आख्खी बाग तुमची!" त्या कमरेवर हात ठेवून हसत होत्या. मला डाग सापडला नाही. त्यांनी फळ फोडून पुढे केलं. मी खाल्लं, "गोड आहे" म्हणालो आणि परत आलो.

पुन्हा गेलो तेव्हा मावशी हयात नव्हत्या. म्हणायचं होतं ते एवढंच: मावशी, झाड तुम्ही ओळखलंत. मी तुमचं काम काढून घेतलं, आणि नावही. मला माफ करा.