अक्षरं वर, बांगडे खाली

जर्मनीत छापलेल्या एका जाडजूड ग्रंथाला माझा हातभार लागला आहे, हे आमच्या घरात कोणी मानत नाही. ग्रंथातही कोणी मानलेलं नाही.

साठच्या दशकात मी रत्नागिरी सोडून दुबईत एका पेढीवर कारकुनी करत होतो. मुंबईत असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकलो होतो (का शिकलो, हे अब्बांनी मरेपर्यंत विचारलं). बंदराच्या कामावर आलेल्या एका जर्मन इंजिनिअरच्या कानावर हे गेलं. त्याच्या आजोबांना एका बड्या कारखानदाराने, जो पुढे मंत्री झाला, ढीगभर पत्रं लिहिली होती. आता तिकडचे प्रोफेसर त्या मंत्र्याचं समग्र लेखन टिपांसकट छापणार होते. मी फक्त ती पत्रं तारखेप्रमाणे लावून द्यायची. मोबदला म्हणजे प्रस्तावनेत माझं नाव! नावाच्या हावेने मी पत्रांची ट्रंक घरी आणली.

घरात टेबल नव्हतं. दिवसभर राबून आलेला मी जमिनीवर रांगत एकेक वर्ष मांडत गेलो. आंघोळ करून येतो तर जमीन लख्ख. माझी खाला, म्हणजे आईची बहीण, आमच्याकडेच राहायची. तिने सगळी पत्रं गोळा करून कपाटावर ठेवली होती.

"लिहिलेल्या कागदावर कुणाचा पाय पडला तर?"

"खाला, ते जर्मन आहे."

"असेना. अक्षर ते अक्षर."

मी पुन्हा मांडली. तिने पुन्हा उचलली. असं आठवडाभर चाललं. मी पार थकून गेलो (ती थकत नसे). शेवटी तिनेच तोड काढली. "दोरी बांध, चिमटे लाव. कागदही उंच राहतील आणि तुझ्या तारखाही."

मला ते इतकं पटलं, की अख्खा मंत्री तारीखवार दोरीवर टांगून मी निश्चिंत मनाने ऑफिसला गेलो.

संध्याकाळी दार उघडायच्या आधीच वास आला. हवा दमट होती, गच्चीवर खारवलेले बांगडे वाळत नव्हते, म्हणून खालाने ते घरात पंख्याखाली आणले होते. पत्रांच्या दोरीखाली दुसरी दोरी बांधून.

"खाला, हे काय केलंस?"

"अक्षरं वर, बांगडे खाली," ती शांतपणे म्हणाली. "अदब ठेवलाय मी."

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी विमानाने मायदेशी निघणार होता. माझ्या बायकोला, रशीदाला, युक्ती सुचली. "अरब लोग कपड्यांना बखूरचा, त्या सुगंधी लाकडाचा, धूर देतात ना, तसा द्या. यल्ला, चला, निखारे मी करते." आम्ही रात्रभर पत्रांना धूर दिला. माशाचा वास गेला नाही. आधी तो खारवलेल्या माशाचा होता, आता धुरी दिलेल्या माशाचा झाला.

सकाळी साहेबाने ट्रंक उघडून नाक मुरडलं. "What is this smell?"

"Sea air, sir."

"खलास?" त्याला अरबी तेवढंच येत होतं.

"खलास," मी म्हणालो. आता आपलं नाव काही छापून येत नाही, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. वाईट वाटलं, पण झोप जास्त आली होती.

काही वर्षांनी त्याने तो ग्रंथ पाठवला. प्रस्तावनेत प्रोफेसरांनी सगळ्यांचे आभार मानले होते, स्वतःच्या कुत्र्याचेही. मी कुठेच नव्हतो. मात्र एका पानाच्या तळाशी टीप होती: या पत्रांना धुरी दिलेल्या माशाचा वास येतो; लेखकाचा मासळीच्या धंद्याशी संबंध असल्याचा पुरावा मिळालेला नाही.

"आलं का रे तुझं नाव?" खालाने विचारलं.

"माझं नाही. बांगड्यांचा उल्लेख आलाय."

"वर की खाली?"

"खाली. तळटिपेत."

"बघ," ती समाधानाने म्हणाली, "त्या लोकांनाही अदब कळतो."

तेव्हापासून तो ग्रंथ कपाटावर, सर्वांत उंच ठेवलेला आहे. त्यात वर मंत्री आहेत, खाली बांगडे आहेत, आणि धूळ पुसायला मी आहे.