पडद्याबाहेर खुशालराव

वरूडच्या खुशालरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानली नाही. दुकानदार साखर मोजू लागला की ते वाकून काट्याच्या खालून बघत. बाग पाहायला आलेल्या व्यापाऱ्याने संत्र्याला नावं ठेवली तर तो भाव पाडतोय म्हणत, आणि कौतुक केलं तर याहून वाईट काहीतरी शिजतंय म्हणत. घरात कोणी नवं काही बोललं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "हे तुले कोनं शिकवलं?"

जमुनाबाईंच्या मागे हा प्रश्न लग्नाच्या हळदीपासून लागला होता. चष्मा लागेल असं वाटतंय म्हणाल्या तेव्हा हाच. भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस आधी जाते म्हणाल्या तेव्हाही हाच. माणूस वाईट नव्हता बरं का. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उचलला नाही. फक्त जग आपल्याला फसवायला टपलेलं आहे आणि आपण होतो म्हणून घर वाचलं, असं ते धरून चालत. तेवढ्या एका गोष्टीची मात्र त्यांना कधी शंका आली नाही.

फेब्रुवारीत मृगाच्या बहाराची तोडणी चालू होती. जमुनाबाई झाडाखाली टेकल्या त्या उठेनात. छातीवर मूठ दाबून धरलेली, थंड सावलीत कपाळावर घाम. व्यापाऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर बंडू धावत आला आणि म्हणाला, "काका, काकूले गाडीत घ्या. मी नेतो."

"तुह्या मालकानं सांगतलं का?"

"मालकाले मंग सांगू. तुमी बसा."

हा फुकट काहून नेऊन राहिला, हा विचार करतच खुशालराव गाडीत चढले. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, एक गोळी चघळायला दिली आणि लगेच अमरावतीला न्या म्हणाले. झालं. खुशालरावांच्या मनात पाल चुकचुकली. याचं तिथल्या दवाखान्याशी साटंलोटं असणार. अमरावती येईपर्यंत त्यांनी बायकोचा हात धरला होता, पण डोकं त्या साटंलोट्यातच होतं.

अपघात विभागात सिस्टर पौर्णिमाने खाटेभोवती हिरवा पडदा ओढला आणि म्हणाली, "काका, जरा बाहेर थांबा. ईसीजीची पट्टी काढायची आहे."

"मी नवरा हाओ तिचा. बाहेर काहून जाऊ?"

पडद्याआड पट्ट्या बदलतात, एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर खपवतात, असं त्यांनी बसस्टँडवर ऐकलं होतं. ते खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे राहिले आणि मशीनवरून नजर हलवेनात. जमुनाबाईंनी पदर दोन्ही मुठींत गच्च धरला. भर उजेडात, परक्या पोरीसमोर आणि असा नवरा समोर उभा असताना ब्लाउज सोडणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. पौर्णिमा नवखी होती. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावून झाले, पण छातीवरचे रबरी फुगे खाली फासळ्यांवर जायचे ते तिने गळ्याखालच्या उघड्या जागेत दाटीवाटीने बसवले. मशीन घरघरलं. पट्टी बाहेर आली आणि तिच्या माथ्यावर मशीनने आपलं मत छापलं, नॉर्मल.

खुशालरावांना इंग्रजीतला तेवढा शब्द ओळखीचा होता. "चाल, ऊठ," ते बायकोला म्हणाले. "काही नाही झालं. उगीच भेव दाखवून राहिले."

तेवढ्यात डॉक्टर दामिनी आल्या. त्यांनी पट्टीवरच्या छापील मताकडे पाहिलंच नाही. रेघांवरून बोट फिरवलं, जमुनाबाईंच्या ओल्या कपाळाकडे पाहिलं आणि पुन्हा रेघांवर आल्या. मग विचारलं, "सिस्टर, फुगे कुठं लावले होते?"

पौर्णिमाने नुसतं खुशालरावांकडे पाहिलं.

"ही पट्टी मले पटून नाही राहिली," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरी काढा."

आपल्यापेक्षा संशयी माणूस खुशालरावांना जन्मात पहिल्यांदा भेटत होता, आणि त्यामुळे त्यांचा संशय दुप्पट झाला. "एकदा नॉर्मल निघाली ना? मंग दुसरी काहून? वाईट निघत नाही तवरीक काढत राहता का? तुमी कुठच्या?"

"चांदूर बाजारची."

"तिथं कोनाच्या?"

"काका, आधी बाहेर व्हा."

हे अशा आवाजात आलं की ते बाहेर झाले. पडद्याला कान लावून उभे राहिले. आत जमुनाबाई बोलत होत्या. हळू, थांबत थांबत, पण बोलतच होत्या. इतकं लांब बोलणं खुशालरावांनी घरात कधी ऐकलं नव्हतं. काय सांगत असेल ही? आपल्याबद्दल असेल का? मग मशीन पुन्हा घरघरलं.

डॉक्टर दोन्ही पट्ट्या घेऊन बाहेर आल्या. "ही आधीची. ही आताची. इथं रेघ खाली उतरायले पाह्यजे, ती वरच कमान करून राहिली. हृदयाची एक नळी बंद पडली आहे. मघा फुगे जागेवर नव्हते, कारण तुम्ही समोर उभे होते आणि काकू पदर सोडत नव्हत्या. आता वरच्या मजल्यावर नेऊन नळी उघडावी लागेल, आत्ताच. सही करा."

खुशालरावांनी पेन घेतलं, पण ते कागदावर टेकवेनात. "ही पट्टी तिचीच कशावरून?"

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "परवापासून दुखते त्यांना. टोपली उचलली की जबड्यापर्यंत कळ जाते. तुम्हाले माहीत होतं?"

ते पडदा सारून आत गेले. "परवापासून दुखे, अन् मले बोलली नाहीस?"

जमुनाबाईंनी डोळे उघडले नाहीत. "बोलली असती तं तुमी इचारलं असतं, कोनं शिकवलं म्हनून."

साऱ्या जगापासून ज्या घराची राखण केली, त्या घरातलं माणूस दुखणंसुद्धा आपल्यापासून लपवून ठेवतं, याची खुशालरावांना भयंकर लाज वाटली. कागदावर काय लिहिलंय ते न विचारता त्यांनी सही केली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

जमुनाबाई वाचल्या. घरी आल्या, गोळ्या सुरू झाल्या, टोपल्या बंद झाल्या. बंडू येऊन भेटून गेला, त्याला खुशालरावांनी पिशवीभर संत्री दिली आणि कशाला आला होता ते विचारलं नाही. मग एका सकाळी भाकरी थापताना जमुनाबाईंनी खांदा जरा चोळला. खुशालराव पाटावरून उठले, चुलीजवळ आले आणि खाली बसले.

"दुखते का? कुठं दुखते?"

जमुनाबाईंचा हात पिठातच थांबला. त्यांनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. थट्टा म्हणून नव्हे, त्यांना खरोखरच शंका आली होती.

"हे तुमाले कोनं शिकवलं?"