देवाच्या शिवेबाहेरचा प्रश्न

माझं लग्न अमेरिकेमुळे मोडता मोडता राहिलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. स्थळ मिठबावचं, मुलगा मुंबईपलीकडच्या अणुवीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये. पसंती झाली होती, मलाही तो आवडला होता. तेवढ्यात बाबा बाजारात रेडिओवरची बातमी ऐकून आले. आपण चौऱ्याहत्तर साली अणुस्फोट केला म्हणून अमेरिका त्या केंद्राचं इंधन अडवून बसली होती. सगळी केंद्रं तपासणीला खुली करा, मग बघू, असं ती म्हणत होती. करार आधीचा आहे, नवी अट चालणार नाही, असं दिल्लीचं उत्तर.

"इंधनच येवचा नाय, तर केंद्र बंद पडतला," बाबा म्हणाले. "मगे जावय काय मिठबावात नारळ सोलतलो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रामदेवतेच्या देवळात. गुरवाने मूर्तीला उजवी-डावीकडे पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: अमेरिका इंधन देणार असेल तर उजवा कौल दे, म्हाराजा. पाकळी डावीकडची पडली, म्हणजे देवाचं नाही. बाबा नकार कळवायला निघाले.

मी वाट अडवली. "बाबा, आपलो देव शिवेच्या आतलो. शेजारच्या गावचा तेका कोण विचारीत नाय, आणि तुमी अमेरिकेचा विचारलास?"

गुरव हात पुसत म्हणाला, "चेडू बरोबर बोलता."

"मगे तेवाच सांगाक काय झालेला?" बाबा भडकले.

"तुमी नारळ आधीच फोडलेलो."

मी म्हटलं, अमेरिकेचं देवाला नको, मुलाच्या नोकरीचं मुलालाच विचारा.

निरोप गेला. मुलगा आपल्या मामाला घेऊन आला. बाबांनी ठेवणीतली कचेरीची मराठी काढली. "इंधन आलं नाही, तर आपलं कसं?"

"इंधनाचं दिल्ली बघेल, दुसरा देश शोधेल," तो म्हणाला. "सुटे भागही ते देत नाहीत. ते आम्ही लेथवर घडवतो. बंदी आल्यापासून आमच्या खात्याला रजा नाही."

"रजा नाय म्हणान तर ह्येचा लगीन रवला हा!" मामा म्हणाले. बाबांना हसू आवरेना.

पुन्हा कौल लावला. या वेळी प्रश्न शिवेच्या आतला होता: आमची लेक द्यायला तुझी परवानगी आहे का? पाकळी उजवी पडली. नसती पडली तर मी काय केलं असतं, ते मी ठरवून ठेवलं होतं.

पुढे दुसऱ्या एका देशाने इंधन दिलं. बॉम्ब पसरू नयेत हे मला पटतं, पण आमच्या घरात त्या बंदीने एवढंच केलं की लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला नवरा आला नाही. परदेशाने नाकारलेला कसला तरी भाग तो लेथवर घडवत होता. मी एकटीच मिठबावात, सासरी, मोदक वळत होते. भेटायला आलेले बाबा दारातच म्हणाले, "जावय खंय?"

"कामावर."

"म्हणजे केंद्र बंद पडाक नाय," ते म्हणाले, आणि समाधानाने मोदकाला हात घातला.