काचघरातली हाक

मुलीचं लग्न झालं, शिवणयंत्र विकून टाकलं आणि जन्मभर कपडे शिवणाऱ्या बाईंनी थेट सार्वजनिक वनस्पती उद्यानात इंटर्नशिपसाठी अर्ज केला, तेव्हा घरच्यांनी डोक्याला हात लावला. उद्यानवाल्यांनी मात्र वय न बघता त्यांना घेतलं. बरोबरचे इंटर्न सगळे कॉलेजातले. ते त्यांना टेलरताई म्हणू लागले.

ताईंना तिथे एकाच जागेची धास्ती होती, काचघराची. आत कोंदट ऊब, डोक्यावर लोंबणारी मुळं, आणि दार लागलं की बाहेरचा आवाजच तुटायचा. पण हे इंटर्नना काम शिकवणाऱ्या माळीकाकांना सांगायचं कसं? भित्री म्हणून घरी पाठवतील, असं त्यांना वाटे.

एका दुपारी काकांनी त्यांना तिथली ठिपकेदार पानांची झाडं छाटून काठ्यांना बांधायला पाठवलं. हातमोजे घालायला बजावलं. ताईंनी ते घातलेही, पण गाठ बसेना म्हणून काढून ठेवले. चिकाने बरबटलेल्या हातांनी सुतळी बांधली आणि उरलेलं टोक सवयीने दातांनी तोडलं.

आधी जीभ चुरचुरली. मग तोंडात निखारा ठेवल्यासारखी आग पेटली. लाळ थांबेना. हाक मारायला गेल्या, तर घशातून नुसती घरघर. या चिकाने माणसाची वाचा बसते, हे काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं आत्ता आठवलं. जीभ अशीच सुजत गेली, तर श्वासाचं काय? दाराकडे धावताना ओल्या फरशीवर त्या सपशेल आपटल्या. धूसर काचेपलीकडून माणसं जात होती. कुणी वळून पाहत नव्हतं. आपण इथेच, या मुळांखाली, कुणाला न कळता संपणार, असं त्यांना वाटलं. हाताला पत्र्याची झारी लागली. ती उचलून ताई बाहेरपर्यंत गेलेल्या लोखंडी नळावर दणादणा आपटत राहिल्या.

आवाज ऐकून काका धावत आले. काही न विचारता त्यांनी ताईंना नळाशी नेलं, चुळा भरायला लावल्या आणि गाडीत घालून इस्पितळात पोचवलं. नशीब, श्वास अडला नाही. सूज हळूहळू उतरली.

मुलगी उशाशी बसून म्हणाली, "आई, आता पुरे झालं."

ताईंना बोलता येत नव्हतं.

बऱ्या होऊन परत गेल्या, तेव्हा काचघराच्या दाराशीच थांबल्या.

"काका, मला आत यायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "आधीपासूनच वाटायची."

काका म्हणाले, "सांगायचं होतंत, ताई. तुम्हाला एकटीला धाडलं, ही चूक माझी."

तेव्हापासून आत दोघांनी मिळूनच जायचं ठरलं. ताईंनी इंटर्नशिप पुरी केली आणि पुढे तिथेच रोपवाटिकेत लागल्या. भीती काही गेली नाही. अजूनही काचघरात पाऊल टाकलं की त्या सोबतच्या माणसाशी काहीबाही बोलत सुटतात, आणि बाहेर आल्यावरच गप्प होतात.